भुताला हिट पॉइंट्स देण्याआधी

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे: डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलाभोवती बसून, पात्रे वठवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर, २०१४ च्या पुस्तकांच्या आधारे, कोकणासारख्या एका कल्पित मुलखात घडणारी मोहीम तुम्ही पाच खेळाडूंसाठी चालवत आहात. पात्रे तिसऱ्या लेव्हलची आहेत. हडळ, मुंजा, चकवा यांचे स्टॅट ब्लॉक, म्हणजे ताकदीचे आकडे मांडलेले तक्ते, तुम्ही मेहनतीने तयार केलेत, पण टेबलावर ती भुते दोन फेऱ्यांत संपतात आणि कोणालाच भीती वाटत नाही. त्यावर उपाय म्हणून तुम्ही नऊ ऐच्छिक नियम जोडलेत, तर ते कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आकडे वाढवावेत की नियम वाढवावेत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते सध्या दोन्ही वाढवू नयेत. आधी भुताची कथा नीट लिहावी, आणि त्या कथेला टेबलावर आणण्यासाठी जेवढे नियम लागतील तेवढेच ठेवावेत.

हीच चूक मी माझ्या पहिल्या कोकणी मोहिमेत केली होती. नदीकाठच्या हडळीला मी ६० हिट पॉइंट्स (किती इजा झाली की जीव जातो तो आकडा) आणि १४ आर्मर क्लास (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) दिला होता. तिसऱ्या लेव्हलची पाच पात्रे, प्रत्येकाचा वार सरासरी नऊ-दहा हिट पॉइंट्सचा आणि तो लागण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के, असा हिशेब केला तर एका फेरीत तीसच्या आसपास नुकसान होते. म्हणजे ती दोन फेऱ्यांत मरणार हे मी सेशनच्या, म्हणजे खेळाच्या बैठकीच्या, आधीच कागदावर पाहू शकलो असतो. पुढच्या हडळीला मी दुप्पट हिट पॉइंट्स दिले, आणि ती चार फेऱ्यांत मेली. लढाई लांबली, एवढाच फरक पडला. उलटे पाय, मोकळे केस, नदीचा काठ हे सारे वर्णन मी वाचून दाखवले होते, परंतु खेळाडूंच्या एकाही निर्णयाशी त्याचा संबंध नव्हता. हडळीच्या जागी अस्वल ठेवले असते तरी ते तसेच खेळले असते.

आपल्याकडची भुते मुळात लढाईसाठी घडलेली नाहीत. कोकणातल्या कोणत्याही घरी रात्रीच्या गप्पांत भुताची गोष्ट ऐका. तिच्यात भुताची ताकद किती होती हे क्वचितच येते. ते कोण होते, त्याचे काय राहून गेले, ते कुठवर येते, आणि कोणी काय केले तेव्हा ते थांबले, हे मात्र नेमके येते. याउलट खेळाच्या पुस्तकात आपल्याकडचा एखादा जीव शिरला की त्याचे काय होते, ते राक्षसाच्या उदाहरणावरून दिसते. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या डी अँड डीच्या पुस्तकात राक्षस आला तो वाघाच्या डोक्याचा आणि माया करणारा. मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने तो तत्काळ मरावा, असा नियम त्याला जोडला गेला. पाचव्या आवृत्तीत त्या नियमाचा माग अजून शिल्लक आहे: सद्वृत्त माणसाच्या हातातील जादुई शस्त्राच्या टोकदार वाराने त्याला दुप्पट इजा होते. हा नियम वाईट नाही, पण ती एका कुलपाची एक किल्ली आहे. किल्ली माहीत झाली की त्या राक्षसाविषयी आणखी काही जाणून घेण्याची गरज उरत नाही.

म्हणून मी प्रत्येक भुतासाठी आधी चार शब्द लिहितो: खूण, हाव, शीव आणि तोड. खूण म्हणजे ते जवळ आहे हे पात्रांना कशावरून कळेल. हाव म्हणजे त्याला काय हवे आहे. शीव म्हणजे ते कुठवर जाऊ शकते, किंवा काय करू शकत नाही. तोड म्हणजे ते कशाने शांत होते. या चारांची उत्तरे जमेपर्यंत मी हिट पॉइंट्सचा आकडा लिहीत नाही.

मुंज्याचे उदाहरण घेऊ, कारण तो मराठी वाचकाला लगेच ओळखू येतो. मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. या एका वाक्यातच त्याची हाव आणि शीव आलेली आहे. त्याचा एक संस्कार अर्धा राहिला आहे आणि तो एका झाडाशी बांधलेला आहे. मी त्याची खूण अशी ठरवली की वारा पडलेला असताना एकाच फांदीची पाने सळसळतात, आणि वाटेवर पडणारे खडे मारल्यासारखे नसून एखाद्या मुलाने खेळता खेळता टाकल्यासारखे येतात. शीव म्हणून पिंपळाची सावली घेतली. ही निवड मला फार उपयोगी पडली, कारण सावली हलते. सकाळी ती एका घराच्या अंगणात असते, संध्याकाळी दुसऱ्याच्या, आणि पौर्णिमेच्या रात्री चांदण्यातही ती पडते. खेळाडूंना हे कळले तेव्हा त्यांनी स्वतःहून गावाचा नकाशा काढला आणि कोणत्या घरावर कोणत्या वेळी सावली पोहोचते याचा हिशेब मांडला. मी कोणताही नियम न सांगता त्यांनी भुताचा अभ्यास केला. तोड अर्थातच राहिलेली सोडमुंज. पण ती करणार कोण, त्याच्या घरातले कोणी जिवंत आहे का, आणि ज्या काकाने त्या मुलाच्या वाट्याची जमीन घेतली तो पुढे येईल का, यातून माझी चार सेशन्स उभी राहिली.

त्याचा स्टॅट ब्लॉक मात्र तीन ओळींचा होता: २२ हिट पॉइंट्स, साठ फुटांपर्यंत दगडाचा साधा मारा, आणि सावलीबाहेर अस्तित्व नाही. त्याला मारता येते. मारला की तो दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला परत येतो. मूळ पुस्तकातही याला आधार आहे. तिथला रेव्हनंट नष्ट झाला तरी चोवीस तासांनी त्याचा आत्मा दुसरे प्रेत शोधून उठतो, कारण त्याचा सूड अजून राहिलेला असतो. खेळाडूंना हे अन्यायाचे वाटत नाही, फक्त अट एवढीच की भूत का परत आले हे शोधण्याचा मार्ग त्यांच्यासमोर मोकळा असला पाहिजे.

येथे क्लेरिकचा, म्हणजे देवाची शक्ती वापरणाऱ्या पात्राचा, प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या लेव्हलला मिळालेली टर्न अनडेड ही भुताप्रेतांना पळवण्याची शक्ती वापरून क्लेरिकने मुंज्याला पळवून लावले तर काय करावे? अनेक डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) भुताचा प्रकार बदलून किंवा त्याला अभय देऊन ही शक्ती निकामी करतात. तसे कृपया करू नका. ज्या खेळाडूने क्लेरिक निवडला, त्याने याच प्रसंगासाठी तो निवडला आहे. टर्न अनडेड चालू द्यावे. मुंजा एक मिनिटभर झाडात दडेल, आणि त्या मिनिटात घरातली माणसे सुखरूप बाहेर काढता येतील. शक्तीने प्रसंग टळावा आणि तोडीने गोष्ट मिटावी, एवढा फरक राखला म्हणजे पुरते.

कथा लिहिताना ती एका पानापेक्षा मोठी करू नका, आणि सर्वज्ञ माणसाच्या सुरात लिहू नका. माझ्या वहीत प्रत्येक भुताविषयी तीन माणसांची बोलणी असतात: गावातली एक म्हातारी काय म्हणते, देवळातला गुरव काय म्हणतो, आणि त्या वाटेने रोज जाणारा गाडीवान काय म्हणतो. तिघांची बोलणी एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. प्रत्येकाच्या बोलण्यात एक गोष्ट खरी असते, आणि निदान एकाच्या बोलण्यात एक ठाम चूक असते. खरे काय ते मी खाली एका ओळीत स्वतःसाठी लिहितो. लोककथा अशाच असतात. एकाच भुताविषयी दोन शेजारच्या वाड्यांत वेगळे ऐकू येते. त्या विसंगतीमुळे खेळाडूंना विचारपूस करण्याचे कारण मिळते.

राखणदारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या यादीत वेताळाला तुम्ही दहाव्या लेव्हलचा शत्रू म्हणून ठेवले आहे. संस्कृत कथांतला प्रेतात शिरणारा वेताळ आणि दक्षिण कोकणातला किंवा गोव्यातला वेतोबा यांच्यात मोठे अंतर आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार देव आहे. तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक त्याला मोठ्या आकाराच्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. ही आजही चालू असलेली श्रद्धा आहे. तुमच्या टेबलावर बसलेल्या एखाद्याच्या आजोळचा तो देव असू शकतो. त्याला हिट पॉइंट्स देऊन मारण्याजोगा करणे मला योग्य वाटत नाही, आणि खेळ म्हणूनही त्यात फारसे हाती लागत नाही. मी माझ्या कल्पित गावासाठी वेगळ्या नावाचा राखणदार केला आणि त्याला एकही आकडा दिला नाही. दर अमावास्येला गावकरी त्याच्यापुढे नव्या चपला ठेवतात आणि जुन्यांचे झिजलेले तळ पाहून निश्चिंत होतात. मोहिमेचे पहिले वाक्य असे होते की या अमावास्येला चपला कोऱ्याच निघाल्या. राखणदार फिरायचा का थांबला, हे शोधण्यात खेळाडूंनी वर्षभर घालवले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भुतांचे जुने वर्गीकरण बरेचदा जातीवर आणि धर्मावर उभे आहे: अमक्या जातीचा मेला तर अमुक भूत, तमक्या धर्माचा मेला तर तमुक. जुन्या संग्रहांतून नावे उचलताना हे वर्गीकरणही नकळत आपल्या मोहिमेत येते, आणि मग कोणत्या समाजाचे भूत दुष्ट आणि कोणत्या समाजाचे विद्वान हेही ठरून जाते. मी नावे ठेवतो, पण भूत कशामुळे झाले याचे कारण नेहमी राहिलेल्या कामात शोधतो, जन्मात शोधत नाही. हडळीचेही तसेच आहे. बाळंतपणात गेलेल्या स्त्रीला गावाने भीतीचे रूप दिले, यात त्या स्त्रीवर झालेला अन्याय आहेच. टेबलावर कोणाच्या घरात असे दुःख घडले असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. मोहिमेआधीच्या बैठकीत खेळाडूंना हा विषय चालेल का, हे एकेकाला वेगळे विचारा, आणि कोणी नको म्हटले तर कारण न विचारता तो वगळा.

आता ऐच्छिक नियमांकडे येतो. तुमचे नऊ नियम मी वाचले. त्यांतले सहा नुसता दंड करतात: अंधारात वजा दोन, पावसात वजा दोन, भीती वाटली तर वजा दोन. असे नियम लक्षात राहत नाहीत, कारण त्यांच्यामुळे खेळाडूला काही वेगळे करावेसे वाटत नाही; तो फक्त वजाबाकी करतो. ऐच्छिक नियम ठेवावा की नाही, हे मी एकाच कसोटीवर ठरवतो: या नियमामुळे खेळाडूसमोर अशी निवड उभी राहते का, जी एरवी उभी राहिली नसती?

चकव्याचा नियम मी असा ठेवला आहे. चकव्याच्या रानातून रात्री जाताना वाट दाखवणाऱ्या पात्राने विज्डमची सर्व्हायव्हल तपासणी करायची, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा; डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५. चुकली तर एक तास जाऊन सगळे निघाल्या जागीच परत येतात, आणि पुढच्या प्रयत्नाला डीसी दोनने वाढतो. मात्र कोणत्याही क्षणी सर्वांनी थांबायचे, बसायचे, विस्तव पेटवायचा आणि उजाडेपर्यंत हलायचे नाही असे ठरवले, तर फासा न टाकताच चकवा सुटतो. चकवा लागला की बसून राहावे, हे आपल्याकडे सांगतातच. अधिक पाच असलेल्या पात्राला पहिल्या प्रयत्नात ५५, दुसऱ्यात ४५ आणि तिसऱ्यात ३५ टक्के संधी आहे. तीन प्रयत्नांत मिळून सुमारे ८४ टक्के. म्हणजे हट्टाने चालत राहणे मूर्खपणाचे नाही, पण फुकटही नाही. पलीकडच्या गावात पहाटेपर्यंत पोहोचायचे असेल, तर बसून राहण्याचीही किंमत आहे. या एका नियमाभोवती माझ्या टेबलावर खेळाडूंनी जितका वाद घातला, तितका कोणत्याही लढाईत घातला नाही. एक अडचण आधीच सांगतो: २०१४ च्या पुस्तकातल्या रेंजर या रानात वावरणाऱ्या पात्राला त्याच्या ओळखीच्या प्रदेशात जादूखेरीज वाट चुकत नाही. चकवा ही जादू आहे असे म्हणून त्याची शक्ती काढून घेण्यापेक्षा, हा चकवा आहे हे त्याला पहिल्याच वळणावर, फासा न टाकता ओळखू द्यावे.

दुसरा नियम गाऱ्हाण्याचा. दक्षिण कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालताना एकजण बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात, हे तुम्ही पाहिले असेल. भुताची तोड करण्याच्या प्रसंगी मी तोच आकृतिबंध वापरतो. एक पात्र गाऱ्हाणे घालते आणि करिष्म्याची एकच तपासणी होते, डीसी २०. बाकीच्या प्रत्येक खेळाडूने भुताविषयी शोधून काढलेली एक गोष्ट मोठ्याने सांगायची. ती खरी असेल तर डीसी दोनने उतरतो, खोटी असेल तर दोनने चढतो. अधिक पाच असलेल्या पात्राला २० वर जेमतेम ३० टक्के संधी असते. चार खऱ्या गोष्टींनंतर डीसी १२ होतो आणि संधी ७० टक्क्यांवर जाते. म्हातारी, गुरव आणि गाडीवान यांच्यापैकी कोणाचे खरे मानायचे, या प्रश्नाला येथे वजन येते. तपासणी हुकली तर ‘काही झाले नाही’ असे कधीच म्हणू नका. भूत आपली किंमत बोलून दाखवते, आणि ती द्यायची की नाही हे खेळाडूंनी ठरवायचे. या नियमाने आणखी एक गोष्ट साधते. एरवी बोलायला बुजणारा खेळाडूही आपली एक गोष्ट सांगतो, आणि सगळे टेबल ‘व्हय म्हाराजा’ म्हणते तेव्हा खोलीतले वातावरण बदललेले मी दर वेळी अनुभवले आहे.

तिसरा नियम विश्रांतीचा, आणि तो जपून वापरावा. डंजन मास्टर्स गाइडमध्ये एक पर्यायी नियम आहे, ज्यात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) सात दिवसांची होते. तो मला गावाकडच्या मोहिमेसाठी फार संथ वाटला. त्याऐवजी मी लाँग रेस्टची वेळ आठ तासच ठेवली, पण ती फक्त गावाच्या शिवेच्या आत मिळते. शिवेबाहेर कितीही झोपले तरी ती शॉर्ट रेस्टच धरायची. यामुळे गाव, त्याची शीव आणि तिचा राखणदार यांना अर्थ येतो. पण याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. वॉरलॉक, फायटर आणि मंक या प्रकारच्या पात्रांच्या बऱ्याच शक्ती शॉर्ट रेस्टवर परत येतात, तर विझार्ड आणि क्लेरिक लाँग रेस्टवर अवलंबून असतात. तुमच्या गटात विझार्ड असेल तर हा नियम आणण्याआधी त्या खेळाडूशी बोला, आणि रानात एखादी देवराई अशी ठेवा जिथे काही मान देऊन रात्र काढता येते.

झपाटण्याचा नियम तुम्ही मूळ पुस्तकातल्या घोस्टवरून घेतला आहे: डीसी १३ ची करिष्म्याची सेव्ह (बचावाचा फासा), आणि हुकली तर पात्र डीएमच्या ताब्यात. करिष्मा ८ असलेल्या फायटरला ती साधण्याची संधी ३५ टक्के आहे. म्हणजे तिनात दोनदा तो खेळाडू आपले पात्र दुसऱ्याच्या हाती देऊन बसून राहणार. मी पात्र काढून घेत नाही. त्या खेळाडूला एका चिठ्ठीवर भुताची हाव लिहून देतो: ‘तुला घरी जायचे आहे, आणि हे लोक तुला जाऊ देत नाहीत.’ पुढे काय करायचे ते त्याचे त्याने ठरवायचे. हाव प्रामाणिकपणे खेळली तर इन्स्पिरेशन (पुढे एकदा फाशावर फायदा) मिळते. ज्याला नको असेल त्याने चिठ्ठी परत द्यावी आणि एक्झॉशनची (थकव्याची) एक पायरी घ्यावी. २०१४ च्या नियमांत पहिली पायरी सर्व ॲबिलिटी तपासण्यांवर डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरणे) देते. तुम्ही पुढे २०२४ च्या पुस्तकांकडे वळलात तर तिथे प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशावर वजा दोन आणि वेगातून पाच फूट कमी होतात, हे ध्यानात ठेवा.

याहून जास्त नियम सध्या नकोत. हे नियम एका पानावर मोठ्या अक्षरात छापून टेबलाच्या मध्ये ठेवा, आणि प्रत्येक नियम तीन सेशन्सच्या बोलीवर आणा. तिसऱ्या सेशननंतर खेळाडूंना विचारा की या नियमामुळे तुम्ही कोणता निर्णय वेगळा घेतलात. कोणालाच एकही प्रसंग आठवला नाही तर तो काढून टाका, मग तो तुम्हाला कितीही प्रिय असो. मी स्वतः नवसाचा एक नियम मोठ्या हौसेने लिहिला होता आणि याच कारणाने तो मागे घेतला.

ही भुते पुढे इतरांना वाटायची असतील, तर २०२३ च्या जानेवारीत एसआरडी ५.१, म्हणजे डी अँड डीच्या मूळ नियमांचा संच, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली खुला झाला आहे. ठरलेला श्रेयनिर्देश देऊन त्याच्यावर आधारलेले आपले लेखन प्रसिद्ध करता येते.

पुढच्या सेशनसाठी हडळ बाजूला ठेवा आणि मुंज्यापासून सुरुवात करा. पात्रे संध्याकाळी गावात शिरत आहेत, वारा पडलेला आहे, आणि पिंपळाची एकच फांदी हलते आहे, एवढे सांगून थांबा. कोणी तलवारीला हात घालेल, कोणी वर पाहील, कोणी शेजारच्या अंगणातल्या बाईला विचारायला जाईल. जो विचारायला जाईल, त्याला म्हातारीचे बोलणे सांगा, आणि त्या सेशनमध्ये गुरव व गाडीवान यांना राखून ठेवा.